डोस आधी रक्त

मंगळवार, बावीस तारीख. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी नळी क्रमांक ३११७ च्या अहवालावर सही झाली. निकाल एका शब्दाचा होता: निगेटिव्ह.

सही करणाऱ्या बाई लॅबच्या प्रमुख होत्या. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीपुरतं होतं. पाठीमागे सगळे त्यांना दशांशबाई म्हणत, कारण दशांशचिन्हापुढे तीन आकडे असल्याशिवाय त्या कुठलीही गोष्ट खरी मानत नसत. ताप किती आहे हे कपाळाला हात लावून सांगणाऱ्या माणसाशी त्या दोन दिवस बोलत नसत, अशी त्यांची ख्याती.

त्यांच्यापासून चार पावलांवर, पाठ करून, सूनबाई दुसरीच एक प्लेट धूत होती. सूनबाई हेही काही नाव नव्हे, पण लॅबमध्ये तेच चाले. तीन वर्षांपूर्वी तिचे सासरे तिचा विसरलेला डबा घेऊन आले होते आणि दारातूनच त्यांनी "सूनबाई!" अशी खणखणीत हाक मारली होती. तेव्हापासून ती सगळ्यांचीच सूनबाई झाली. दशांशबाईंचीसुद्धा.

नळी ३११७ मध्ये त्याच सासऱ्यांचं रक्त होतं.

नियम असा की नात्यातल्या माणसाच्या नमुन्याला हात लावायचा नाही, त्याबद्दल विचारायचं नाही आणि नोंदवहीचं ते पान उघडायचं नाही. सूनबाईनं तसं आधीच लिहून दिलं होतं. म्हणून नळी दशांशबाईंनी स्वतः हाताळली. सही झाल्यावर त्यांनी कागद पाकिटात घातला, पाकीट डॉक्टरांच्या खणात टाकलं आणि सूनबाईच्या बाजूनं जाताना नुसतं म्हणाल्या, "तुझी प्लेट सांडतेय."

प्लेट सांडत नव्हती. पण तिचा हात थांबला होता, हे त्यांना दिसलं होतं.

ह्या लॅबचं काम सोप्या शब्दांत सांगायचं तर औषध शरीराला पटलं की नाही हे पाहणं. हल्लीची काही औषधं प्रथिनांची असतात, गोळी करून पोटात घेता येत नाहीत, टोचून घ्यावी लागतात. शरीर कधी त्यांना घरचं मानतं, कधी वर्षभर गुण्यागोविंदानं नांदल्यावर एकाएकी परकं ठरवतं. मग त्यांच्यावर सोडायला अँटिबॉडी तयार करतं. त्या औषधाला वाटेतच धरतात. सुई टोचली जाते, औषध आत जातं, पण जिथं पोचायचं तिथं पोचत नाही. त्या अँटिबॉडी रक्तात आहेत का, हे शहाण्णव बारीक खळग्यांच्या प्लेटवर शोधायचं, हे सूनबाईचं रोजचं काम. ती ते अकरा वर्षं करत होती.

सासऱ्यांना गल्लीत किल्लीकाका म्हणत. कुलपं दुरुस्त करणं आणि किल्ल्या बनवणं हा त्यांचा धंदा. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. चार वर्षांपूर्वी संधिवातानं त्यांची बोटं धरली. सकाळी मूठ वळेना, कानस धरता येईना. दोन औषधं झाली, दोन्ही लागू पडली नाहीत. तिसरं हे इंजेक्शन, दर पंधरा दिवसांनी मंगळवारी, पोटाच्या कातडीखाली. ह्यानं मात्र कमाल केली. तीन महिन्यांत त्यांनी तिजोरीचं आठ लिव्हरचं कुलूप उघडून दाखवलं आणि बायकोच्या हातात मोकळं ठेवून म्हणाले, "बघ, अजून आहे मी."

गेले दोन महिने बोटं पुन्हा सुजायला लागली होती. सांध्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: एक तर औषध कमी पडतंय, नाहीतर शरीरानं ते ओळखलंय. कमी पडत असेल तर वाढवू. ओळखलं असेल तर वाढवण्यात अर्थ नाही, उलट अंगावर पुरळ, धाप, काहीही उठू शकतं. मग हे सोडून चौथ्याकडे जायचं, आणि चौथं म्हणजे महिन्यातून एकदा इस्पितळात पाच तास सलाईन लावून पडून राहायचं. चौथ्यानंतर सध्या तरी काही नाही.

म्हणून ती चाचणी. आणि म्हणून तो एक शब्द.

दुपारी साडेचारला सूनबाई सासरी पोचली. ती आणि नवरा दोन गल्ल्या सोडून राहत. नवरा जहाजावर इंजिन सांभाळायचा आणि सहा-सहा महिने पाण्यावर असायचा, त्यामुळे संध्याकाळचा चहा तिचा इथंच होई.

"पास!" किल्लीकाकांनी तिला उंबऱ्यावरच गाठलं. "डॉक्टरांचा फोन आला. निगेटिव्ह. तुझ्या मॅडमना सांग, हा माणूस आयुष्यात कुठंही नापास झालेला नाही."

"सातवीत गणितात झाला होतात," आतून सासूबाई म्हणाल्या.

"तो मास्तर नापास झाला होता. त्याला शिकवता येत नव्हतं."

"आणि गाडी चालवायच्या परीक्षेत?"

"अगं, तो खांबच मध्ये होता!"

सूनबाई हसली आणि चप्पल काढून बाकावर बसली. तिला हायसं वाटलं होतं, पण अर्धंच. अकरा वर्षं आकडे बघणाऱ्या माणसाचं समाधान शब्दावर होत नाही. तिची नजर त्यांच्या हातांवर गेली. त्यांनी शिकंज्यात एक कोरी किल्ली पकडली होती आणि कानस चार बोटांनी न धरता तळव्यात दाबून चालवत होते, लहान मूल चमचा धरतं तशी. खाच तिरकी जात होती. त्यांना ते दिसत होतं, आणि तिला दिसू नये म्हणून ते अंग वळवून बसले होते.

"डॉक्टर काय म्हणाले पुढे?"

"वाढवायचं. आता दर आठवड्याला. जादाचं पहिलं ह्या शुक्रवारी. म्हणजे मी दुप्पट जोरात," ते म्हणाले.

"बोलण्यात दुप्पट नको, तेवढं बघा," सासूबाई कपबशा घेऊन बाहेर आल्या. "अगं, ह्यांनी त्या रक्ताची तयारी काय केली म्हणून सांगू! चार दिवस आधीपासून. लग्नाला उभं राहायचं होतं जणू."

"मग? सूनबाईच्या लॅबला जायचं होतं रक्त. तिच्या चिठ्ठीबरहुकूम केलं सगळं. अक्षरन् अक्षर."

"कसली तयारी?" सूनबाईनं विचारलं.

"तूच लिहिलंस की. डोस आधी, रक्त मागाहून. मंगळवारी डोस घेतला. मग म्हटलं, लगेच कशाला जायचं, औषध जरा मुरू दे अंगात. शनिवारी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं आणि रक्त देऊन आलो."

सूनबाईनं कप खाली ठेवला.

"बाबा, रक्त शनिवारी दिलंत?"

"शनिवारी."

"इंजेक्शन घेतल्यावर चौथ्या दिवशी?"

"हो. एकदम भरलेलं रक्त. आपल्या माणसाकडे जायचं तर रिकाम्या हातानं जातात का कुणी?"

ती उठून आत गेली. फ्रिजच्या दारावर, चुंबकाखाली, तिचीच चिठ्ठी होती. तेरा तारखेला रविवारी दुपारी लिहिलेली. किल्लीकाका तेव्हा झोपले होते, तिला निघायची घाई होती. इस्पितळाचा छापील कागद बारीक अक्षरांचा, तो त्यांच्यानं वाचवणार नाही म्हणून तिनं मोठ्या अक्षरांत, जाड पेनानं, तीन शब्दांत सार काढून ठेवलं होतं:

डोस आधी रक्त.

खाली एक रेघ आणि "विसरू नका".

तिनं ते एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मध्ये स्वल्पविराम घेतला. डोस आधी, रक्त. तिच्या मनात होतं "डोसआधी", म्हणजे डोस घ्यायच्या अगोदर. कागदावर उतरलं होतं बरोबर उलटं. त्यांनी चिठ्ठी चुकीची वाचलीच नव्हती.

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा बघून सासूबाईंनी चहाचा कप बाजूला सरकवला. "काय गं, काय झालं?"

"आई, निकाल खरा नाही."

"म्हणजे नापास?" किल्लीकाका.

"पासही नाही, नापासही नाही. परीक्षाच झाली नाही." ती त्यांच्या समोर स्टूल ओढून बसली. "बाबा, दोन्ही हात पुढे करा. समजा तुम्ही ती अँटिबॉडी. तिला दोन हात असतात. एका हातानं ती आमच्या प्लेटला चिकटवलेलं औषध धरते. दुसऱ्या हातानं आम्ही वरून सोडलेलं, रंगाची खूण केलेलं औषध धरते. दोन्हीकडे धरलं तरच रंग टिकतो. नाहीतर प्लेट धुतली की जातो वाहून. रंग दिसला म्हणजे ती आहे."

"बरं."

तिनं बाकावरच्या दोन किल्ल्या उचलून त्यांच्या दोन तळव्यांत ठेवल्या आणि त्यांची बोटं हलकेच, दुखणार नाही इतपत, मिटली. "आता माझा हात धरा."

त्यांनी हाताकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. कुलपाच्या पोटात काय अडकलंय हे बाहेरून आवाजावर ओळखणारा माणूस तो. त्याला दोनदा सांगावं लागलं नाही.

"हात भरलेत," ते म्हणाले.

"रक्तातच औषध भरपूर असलं की तसंच होतं. ती असली तरी प्लेटवर दिसत नाही. म्हणून औषध अंगात सगळ्यात कमी असतं तेव्हा रक्त घ्यायचं. पुढच्या डोसच्या अगोदर."

"आणि मी चांगलं ठासून भरून पाठवलं."

"तुम्ही मी लिहिलं तसं केलंत."

"नाही नाही, मी वाचताना..."

"तुम्ही बरोबर वाचलंत, बाबा. मी चुकीचं लिहिलं."

"हे बघ, एवढं शिकलेली तू, तू कशी चुकशील? माझाच चष्मा..."

"हवं तर फ्रिजवर ढकला दोघं," सासूबाई म्हणाल्या. "तो काही बोलणार नाही. पण शुक्रवारच्या सुईचं काय ते आधी ठरवा."

तेवढं एक वाक्य कामाचं होतं. पाच वाजून वीस मिनिटांनी सूनबाईनं सांध्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते मध्येच म्हणाले, "पण अर्जावर मागच्या इंजेक्शनची तारीख एक आहे. म्हणजे रक्त देताना अठरा दिवस झाले होते." सूनबाईनं फोनवर हात ठेवून सासऱ्यांकडे पाहिलं.

"सिस्टरनं विचारलं, मागचं इंजेक्शन कधी," किल्लीकाका म्हणाले. "आत्ताचं पंधरा तारखेचं. त्याच्या मागचं एक तारखेचं. मी मागचंच सांगितलं."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. डॉक्टरांनी ते सगळं ऐकलं होतं. "शुक्रवारचं थांबवा," ते म्हणाले. "आणि एकोणतीसचंसुद्धा थांबवा, नवा निकाल येईपर्यंत. एकोणतीसला सकाळी रक्त. फक्त रक्त. सासऱ्यांना कळवा, माझ्या शब्दांत कळवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी सूनबाई दशांशबाईंच्या टेबलासमोर उभी राहिली. रात्रभर तिनं वाक्य जुळवलं होतं. पण तिच्या आधी त्याच बोलल्या.

"तुझ्या सासऱ्यांचा फोन येऊन गेला. सात पन्नासला."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, सूनबाईची काही चूक नाही, चिठ्ठीची जाड अक्षरं मी चष्मा न लावता वाचली, म्हातारा माणूस आहे, मला काय ती शिक्षा करा." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "खोटं फार वाईट बोलतात ते. चष्मा न लावता जाड अक्षरं नीट दिसतात, बारीक दिसत नाहीत. चिठ्ठी आणलीस?"

सूनबाईनं पर्समधून ती काढून दिली. दशांशबाईंनी ती टेबलावर सपाट केली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिल्या. अहवालातला आकडा तपासताना पाहत तशाच.

"शाळेत व्याकरण कुणी शिकवलं तुला?"

"मॅडम, घाईत होते."

"शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडून लिहायचं असतं. तू ते तोडलंस, तोडल्याबरोबर ते क्रियाविशेषण झालं. एका मोकळ्या जागेनं चाचणी उलटी केलीस." मग आवाज न बदलता त्या पुढे म्हणाल्या, "आणि मी अठरा दिवस बघून खूश झाले. म्हटलं, चार दिवस उशीर झालाय, बरंच आहे, औषध आणखी उतरलं असेल. एवढी सूज आहे आणि निकाल इतका स्वच्छ का, हे विचारायला हवं होतं मी. विचारलं नाही. ते माझं."

सूनबाईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"रडायचं असेल तर प्लेटांपासून लांब," दशांशबाई म्हणाल्या आणि कागदी रुमालांचा खोका तिच्याकडे सरकवला.

आम्ल घालून अँटिबॉडीचे हात सोडवून घ्यायची एक रीत आहे, पण ती ह्या लॅबमध्ये अजून पारखून मान्य झालेली नव्हती, तेव्हा तो रस्ता बंद. उरलेल्या रक्तातलं औषध मोजता येत होतं. ती चाचणी वेगळी, डॉक्टरांनी आधी मागितली नव्हती, आता मागितली. दशांशबाईंनी दुपारपर्यंत ती करून घेतली. आकडा आला ४.१०७. चौथ्या दिवशी असायला हवं त्याहून कमी, पण हात भरायला पुरेसं. कमी का, ह्याला डॉक्टरांनी सांगितलेली तीच दोन कारणं असू शकत होती आणि आकडा त्यांतलं कुठलं ते सांगत नव्हता.

तीन वाजता जुना अहवाल मागे घेतला गेला. नव्यावर "निगेटिव्ह" ऐवजी "अनिर्णित, नमुन्यात औषध" असं आलं. त्याच्यापुढे "नमुना डोसनंतर चौथ्या दिवशी घेतलेला" हे दशांशबाईंनी हातानं लिहिलं. आधी त्यांनी "डोसच्या" लिहिलं होतं, मग खोडून "डोसनंतर" केलं, कारण डोसचा दिवसच पहिला धरून कुणी मोजेल.

मग त्यांनी दार लावून घेतलं आणि दोघी पाऊण तास रुग्णांना द्यायच्या सूचनेचं एक वाक्य करत बसल्या. "इंजेक्शनपूर्वी रक्त द्यावे" हे सूनबाईनं सुचवलं. दशांशबाई म्हणाल्या, "पूर्वी म्हणजे फार पूर्वीही होतं." "रक्त दिल्यावरच इंजेक्शन" ह्यावर त्यांचं म्हणणं असं की "रक्त दिल्यावर" म्हणजे कुणी रक्तदान समजेल. शेवटी दोन वाक्यं झाली: पहिले काम, तपासणीसाठी रक्त देणे. दुसरे काम, त्याच दिवशी, रक्त देऊन घरी आल्यानंतर, इंजेक्शन.

"सासऱ्यांवर करून बघ," दशांशबाई म्हणाल्या. "त्यांना उलटं करता आलं नाही तर कुणालाच येणार नाही."

सूनबाईनं तिथूनच फोन लावून वाक्यं वाचली. किल्लीकाका म्हणाले, "आणि मी रक्त देऊन घरी न येता थेट दुकानात आलो तर?"

"तुमचं दुकान घरातच आहे, बाबा."

"माझं आहे. दुसऱ्याचं नसेल."

दशांशबाईंना फोनमधून ऐकू आलं. त्यांनी "घरी आल्यानंतर" खोडलं. खोडताना त्या हसल्या. सूनबाईनं अकरा वर्षांत त्यांना तीनदा हसताना पाहिलं होतं, ही चौथी वेळ.

एकोणतीस तारखेपर्यंतचे दिवस किल्लीकाकांनी काढले तसे काढले. औषध अंगातून उतरत गेलं तशी बोटं घट्ट होत गेली. शुक्रवारी त्यांना शर्टाचं वरचं बटण लावता आलं नाही, तर ते म्हणाले की हल्ली गळ्याशी मोकळंच बरं वाटतं. शनिवारी कानस त्यांच्या हातातून दोनदा पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा सासूबाईंनी ती उचलली आणि परत दिली नाही.

"सरका," त्या म्हणाल्या. "तोंडानं सांगा, हातानं मी करते."

"तुला जमायचं नाही ते."

"बेचाळीस वर्षं बघतेय. तुमच्यापेक्षा खाच सरळ येईल."

संध्याकाळी सूनबाई आली तेव्हा दुकानात हे चाललं होतं: सासूबाई शिकंज्यासमोर, पदर खोचून, किल्लीकाका शेजारी खुर्चीत, गरम पाण्याच्या भांड्यात दोन्ही हात बुडवून.

"हळू. हळू! कणीक तिंबतेस का? पुढे ढकल, मागे आणताना उचल."

"ओरडू नका. गिऱ्हाइकाला वाटेल बायकोला राबवता."

"राबवतोच आहे. अगं, तिसरी खाच खोल नको, खोल नको... झाली खोल."

"झाली तर झाली. दुसरी कोरी घ्या." मग सूनबाई दिसली. "ये गं. बघ, आज चार किल्ल्या केल्या, तीन लागल्या. ह्यांचं प्रमाण विचार."

किल्लीकाका पाण्यातून हात न काढता म्हणाले, "सूनबाई, एक खरं सांगशील? ती जी काय अँटिबॉडी आहे, ती असावी की नसावी? म्हणजे मी काय मागू?"

तिच्या कामात हा प्रश्न कुणी विचारत नसे. तिथं आहे की नाही एवढंच असे. "नसावी," ती म्हणाली. "नसेल तर हेच औषध वाढवता येईल. हे तुम्हाला मानवलं होतं."

"आणि असली तर तिचा राग नको धरायला," ते म्हणाले. "बिचारी घर राखतेय. परक्याला धरलं, एवढंच. आयुष्यभर मी लोकांना तेच विकत आलोय."

"झालं, आता कविता सुरू," सासूबाई म्हणाल्या आणि टॉवेल आणून त्यांचे हात एकेक बोट धरून पुसायला लागल्या. बोटं जिथं सुजली होती तिथं त्या दाब न देता नुसता टॉवेल टेकवत होत्या.

मंगळवारी, एकोणतीसला, सकाळी सात वाजून पन्नास मिनिटांनी रक्त दिलं गेलं. सासूबाई सोबत होत्या. सिस्टरनं विचारलं, मागचं इंजेक्शन कधी? किल्लीकाका म्हणाले, "शेवटचं पंधराला. त्याच्या मागचं एकला. आजचं घेतलेलं नाही, घेणारही नाही. लिहा सगळं." सिस्टरनं पंधरा लिहिलं. सासूबाईंनी वाकून ते वाचून घेतलं, मगच दंडावरची पट्टी सोडू दिली.

नळीचा क्रमांक ह्या वेळी ३१६२. सूनबाईनं तो पाहिला नाही. तो तिला नंतर कळला.

गुरुवारी, एकतीसला, दुपारी दोनला दशांशबाईंनी डॉक्टरांना फोन केला आणि डॉक्टरांनी घरी. पहिल्या फेरीत सीमारेषा होती ०.२०६. नमुना ३१६२ चा आकडा आला ०.२१४.

"रेघेच्या वर आहे," सूनबाईनं संध्याकाळी सांगितलं. "पण ह्यावरून काही ठरत नाही, बाबा. ही रेघ आम्ही मुद्दाम खाली ओढतो. शंभर निरोगी माणसांतली पाच उगाच वर येतील, इतकी खाली. एकही खरी अँटिबॉडी निसटू नये म्हणून."

"म्हणजे शंभरातल्या पाच सज्जनांना पोलीस ठाण्यात बोलवायचं."

"बोलवायचं आणि चौकशी करून सोडायचं. उद्या ती चौकशी. तुमच्याच रक्तात वरून औषध घालायचं. खरी अँटिबॉडी असेल तर तिचे हात भरतील आणि रंग उतरेल. रंग तसाच राहिला तर ती नव्हतीच."

"म्हणजे मी आधी चुकून केलं, ते आता तुम्ही मुद्दाम करणार."

"हो," सूनबाई म्हणाली. "अगदी तेच."

"मग मला वेळेआधीच सुचलं होतं, असं लिही तुझ्या वहीत."

"वहीला हात लावायचा नाही तिला," सासूबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही औषधाला."

शुक्रवारी, एक तारखेला, दशांशबाईंनी पुष्टीची प्लेट लावली. प्रत्येक नमुना दोन खळग्यांत असतो, दोघांचं जमलं तरच निकाल धरतात. औषध घातल्यावर रंग किमान २६.४ टक्के उतरला तर पॉझिटिव्ह. तीन वाजून दहा मिनिटांनी यंत्रानं आकडे दिले. ३१६२ च्या एका खळग्यात घट होती ३१.२ टक्के. जोडीच्या खळग्यात २२.७.

दशांशबाईंनी आकडे दोनदा वाचले, दोघांमधला फरक काढला. फरक मर्यादेबाहेर होता. त्यांनी रकान्यात "अमान्य" लिहिलं, सही केली आणि मग खुर्ची फिरवून सूनबाईला हाक मारली. नियमात नसलेली गोष्ट त्या सहसा करत नसत.

"दोन खळगे, दोन उत्तरं," त्या म्हणाल्या. "सोमवारी पुन्हा लावते. तीन खळग्यांत."

"घरी काय सांगू?"

"आकडे सांग. तुझे सासरे आकड्यांना घाबरणारे नाहीत." त्यांनी पेन उचललं. "बोटं कशी आहेत?"

"सकाळी अकरापर्यंत मूठ वळत नाही."

दशांशबाईंनी मान डोलावली आणि सोमवारच्या पानावर वेळ टाकली: सकाळी ८.१५.

चार वाजता सूनबाईनं घरी फोन केला. किल्लीकाकांनी तो सासूबाईंकडून कानाशी धरवून घेतला. तिनं दोन्ही आकडे सांगितले, रेघ सांगितली, सोमवार सांगितला.

"म्हणजे एकीनं हात धरला, एकीनं नाही," ते म्हणाले.

"तसंही म्हणता येत नाही, बाबा. अजून काहीच म्हणता येत नाही."

"बरं. तू जेवलीस का?"

"जेवले."

शुक्रवार संध्याकाळपर्यंतची नोंद एवढीच आहे. पंधरा तारखेनंतर सतरा दिवस त्यांनी औषध घेतलेलं नाही. नमुना ३१६२ अनिर्णित आहे. सोमवारच्या प्लेटवर तीन खळगे राखून ठेवले आहेत.